मनूच्या पेशींतलं दार

कॉलेजच्या ऑफिसात फोन आला, तेव्हा मी अकरावीच्या वर्गावर होते. फोनवर दाजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. औरंगाबादच्या दवाखान्यातून बोलत होते. "सुमन, मनू गेली," म्हणाले. "आता जल्दी करू नको. सावकाश गावी, धावड्याला ये." याला काही आठवडे झाले. मी शिकवते, जेवते, पण कशातच जीव लागत नाही.

मनू माझी भाची. लहानपणापासून तिला खोकला. उन्हात खेळून आली की अंगावर मीठ फुलायचं, खाल्लेलं अंगी लागायचं नाही. टी.बी. म्हणून गोळ्या झाल्या, बाहेरचं म्हणून धागेदोरे झाले. शेवटी अक्का तिला मुंबईला घेऊन गेली. तिथं घामाची तपासणी झाली आणि कळलं, आजार जन्माचा आहे, आई-बाप दोघांकडून आलेला. मुळावर औषध नाही. जेवणासोबत गोळ्या घ्यायच्या आणि रोज पाठ थोपटून कफ मोकळा करायचा, बस्स. अक्का मला म्हणाली, "माझ्याकडूनबी आलं म्हणती. मी काय दिलं गं तिला?" मी जीवशास्त्र शिकवते, पण तिच्यापुढं नुसता पाण्याचा तांब्या ठेवला.

दहावीनंतर मनू हट्टानं माझ्याकडे घनसावंगीला आली, सायन्स करायला. माझ्याच वर्गात बसायची. पेशीपटलाचा धडा आला. मी फळ्यावर मेदरेणूंचे दोन थर काढले, डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत. या तेलकट थरातून क्षार जात नाहीत, म्हणून त्यात प्रथिनांची दारं असतात; काही नुसती उघडतात, काही ऊर्जा खर्चून आत-बाहेर ढकलतात... बोलता बोलता माझी नजर मनूच्या बाकाकडे गेली. क्लोराइडचं दार मनूच्या पेशींत धड घडलेलंच नव्हतं. क्षार अडला की त्याच्यामागं जाणारं पाणीही अडतं. फुप्फुसातला ओलावा आटतो, कफ डिंकासारखा चिकटतो आणि त्यात जंतू घर करतात.

संध्याकाळी पाठ थोपटताना तिनं विचारलं, "मावशी, आज काढलं तेच दार माझं बिघडलंय का?"

"हो."

"मंग दुरुस्त न्हाई करता येत?"

"ते एका जागी नाही गं. किती पेशींत, काय सांगू."

ती म्हणाली, "बाकीची दारं बराबर चालू हायेत ना? मंग त्याच्यावर भागवू."

नाही भागलं. बारावीच्या हिवाळ्यात ताप हटेना. एका औषधानं गुण यायचा, मग तेही चालेनासं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, यातला दोष कुठल्या जनुकात आहे ते बाहेरदेशी सापडलंय, पुढं कधीतरी औषध निघेल. त्या "पुढं"चा मला अजून राग येतो.

तशातही ती प्रॅक्टिकलला गेली. बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात टाकून त्या मऊ पडायची वाट बघत टेबलाला धरून उभी होती. परीक्षक म्हणाले, "बाळा, बस." ती म्हणाली, "बसले तर पुन्हा उठता येणार न्हाई, सर." निरीक्षण लिहून झाल्यावरच ती खाली बसली. तिथूनच तिला जीपनं औरंगाबादला नेलं.

शेवटची भेट दवाखान्यातली. तिनं ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "आईला सांगू नको, पण हवा पुरंना झाली." मी मास्क परत लावला आणि पाठीवर हात ठेवला. थोपटायचंही धैर्य होईना... बरगड्या हाताला लागत होत्या.

परवा अक्का माझ्याकडे आली आणि मनूच्या खोलीत शिरली. कफ खाली उतरावा म्हणून खाटेच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या. डोकं खाली, पाय वर. मी विटा काढायला वाकले. "राहू दे," म्हणत ती तशीच आडवी झाली. पदर तोंडावर आला, तोही तिनं सारला नाही.

"एवढं उलटं पडून राह्यची व्हय गं रोज?"

मी हो म्हणाले. अक्का उठली नाही.