म्हशीचा काळा रंग

कार्यशाळेसाठी जबलपूरला आलेली ती चिनी चित्रकार आठवडाभर आमच्या सिव्हिल लाइन्सच्या घरी राहिली. तिचं नाव आम्हाला शेवटपर्यंत नीट उच्चारता आलं नाही, म्हणून ती सगळ्यांची दीदी झाली. ती लाकडावर चित्र कोरून कागदावर छापायची. आम्ही मोठ्या कौतुकानं नर्मदेकाठचा, संगमरवरी कड्यांचा भेडाघाट दाखवून आणला, पण घरी येऊन तिनं कोरली आमच्या फाटकासमोर बसणारी म्हैस. दर रेघेनंतर भुसा फुंकायची आणि म्हशीकडे बघून हसायची.

छापायला बसली तेव्हा तिनं सोबत आणलेले तीनच कागद उरले होते. लाकडाला शाई लावून, वर कागद ठेवून ती तो चमच्यानं घासायची. दोन कागद झाले, दोन्हींवर म्हैस फिकट राखाडी. तिचं हसू गेलं.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पंखा काहून सुरू ठेवला रे? शाई वाळून राहिली ना!"

पाहुणीला उकडू नये म्हणून मीच तो पाचवर केला होता. आईनं पंखा बंद केला, स्टीलची वाटी आणली आणि पापड लाटायच्या जोरानं तिसरा कागद घासला. म्हैस काळीकुट्ट उमटली!

दीदीनं खाली पेन्सिलीनं सही केली आणि पेन्सिल आईच्या हातात दिली. तिचा फोन तिच्या वतीनं हिंदीत बोलला, "हमारे यहाँ काटने वाला अलग, छापने वाला अलग. दोनों कारीगर." मग आईनंही तिच्या सहीशेजारी आपलं नाव लिहिलं.

आता ते चित्र बैठकीत लागलंय. कोणी वाखाणलं की आई जवळ जाऊन एकेका सहीवर बोट ठेवते, "म्हैस तिची. काळा रंग माझा."