कडुनिंबावरची बाटली

दर रविवारी कोल्हापूरहून फोन यायचा. वहिनी रिसीव्हर आईच्या कानाला धरायची. अर्धांगवायूनं आई अंथरुणाला खिळलेली, आणि प्रश्न एकच, "चाफा फुलला का गं?"

माहेरचं घर पाडलं तेव्हा सोनचाफाही गेला. त्याचं एक कलम मी आधीच जयपूरला आणलं होतं. विद्याधर नगरच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत लावलं. तिथल्या उन्हाळ्यात त्याला जगवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. ओली पोती काय, पडदे काय! आईला फक्त एकदा त्या फुलाचा वास घ्यायचा होता.

त्या वर्षी पहिल्या पावसानंतर कडुनिंबावर पानं कुरतडणारे भुंगेरे आले. आमचे हे बँकेत शेतीकर्ज बघायचे, जयपूरजवळच्या चौमूं गावाकडे सारखी फिरती. तिथं झाडाला औषधाची बाटली टांगतात आणि सकाळी खाली भुंगेऱ्यांचा खच पडतो, एवढं यांनी पाहिलेलं. आणली एक मागून. बडीशेपेसारखा वास. "आता तुझ्या चाफ्याला धक्का नाही," म्हणाले.

संध्याकाळी अख्ख्या कॉलनीतले भुंगेरे आमच्याकडे! सकाळी मेलेला एकही नाही, सगळे मातीत गडप. "असर व्हायला वेळ लागतो," म्हणत यांनी बाटली तशीच ठेवली.

ऑगस्टात चाफ्यानं मेल्यानं कळ्या धरल्या. मी नाचायचीच बाकी होते. आईला सांगून टाकलं, पहिलं फूल घेऊन येते.

आणि पानं माना टाकू लागली. पाणी घातलं, खत घातलं. एक दिवस नुसता हात लावला तर झाड अलगद वर आलं. मुळंच नव्हती. खाली पांढऱ्या, जाड, वेटोळ्या अळ्या वळवळत होत्या. हुमणी.

हे चौमूंला जाऊन विचारून आले. तो वास भुंगेऱ्यांचाच, एकमेकांना बोलवायचा. मारायचं विष वेगळं, ते आधी झाडावर फवारतात. आम्ही नुसतंच बोलावलं होतं. माद्यांनी चाफ्याच्या ओल्या मातीत अंडी घातली, त्यांचीच ही हुमणी.

"अहो, विचारायचं तरी!" मी किंचाळले. हे खाली मान घालून म्हणाले, "दुसरं कलम लावू."

"आणि ते फुलेपर्यंत आई थांबणार आहे का?"

रविवारी फोन वाजला. "फुलला का गं?"

"फुलला, आई."

"वास येतो?"

"घरभर येतो."

फोनमध्ये तिनं ओढून घेतलेला श्वास ऐकू आला. मग म्हणाली, "मग लवकर ये हं. मी थांबते."