किल्ली हातात, तरी इंजिन चालू: जुन्या जर्मन डिझेलमधून भाईंदर ते पुणे

माझं सगळं बदललं ते खोपोलीच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीसमोर. किल्ली माझ्या हातात होती आणि गाडी तरीही आरामात धडधडत होती.

आधीचं सांगतो. गाडी गमरे काकांची, म्हणजे श्वेताच्या बाबांची. श्वेता म्हणजे... जाऊ दे, तीन वर्षं मला दुसरं काही सुचत नाहीये. काकांना मी सांगून ठेवलं होतं की मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. खरं तर दुसऱ्याच वर्षी एका सरांशी भांडून मी कॉलेजला रामराम ठोकला. पुण्यात जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि काकांनी गाडी चालवायला मलाच बोलावलं. श्वेता म्हणाली, "परत येईपर्यंत बाबांना सांग. नाहीतर आपलं संपलं."

रविवारी पहाटे साडेपाचला भाईंदरच्या इंद्रलोकमधून निघालो. तुम्ही जाणार असाल तर हीच वेळ धरा. उशीर केलात तर घोडबंदर रोडला गायमुखच्या ट्रॅफिकमध्येच जीव जातो. मुंब्रा बायपास, पनवेल, पुढे एक्सप्रेसवे सोडून जुना हायवे. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला घाई सोसत नाही.

काका जन्मभर ड्रायव्हर. त्यांच्या गुजराती सेठनी ही गाडी नैरोबीहून आणली आणि जाताना काकांच्या नावावर केली. बॉनेटवर तीन टोकांचा तारा, मॉडेल वन-ट्वेंटी-थ्री.

"शहात्तर ते शहाऐंशी, दहा वर्षं ही बनली," काका सांगत होते. "जर्मनीत टॅक्सीवाले हीच चालवायचे. आपण हिला सेठ लोकांची गाडी समजतो."

टपरीवर थांबलो. किल्ली फिरवली, काढली. इंजिन चालूच! टपरीवाला हसला, "भाई, इसमें भूत है क्या?"

माझं डोकं फिरलं. "तू चाय बना ना!" म्हणून त्याच्यावर ओरडलो, टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून पान्यानं बॅटरीची वायर काढली. इंजिन बंद होईना. उलट मलाच हसल्यासारखं धडधडतंय.

काका शांतपणे आले, इंजिनावरची एक छोटी पट्टी बोटानं दाबली. गप्प झालं.

"हिचं इंजिन किल्लीवर नाही, हवेच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर बंद होतं. नळी फाटली असेल कुठेतरी." मग माझ्याकडे बघितलं. "पण डिझेल इंजिन एकदा चालू झालं की त्याला बॅटरी लागत नाही, हे गॅरेजमधला कुणीही सांगेल. शेवटचं वर्ष ना रे तुझं?"

"नाही काका. दुसऱ्या वर्षीच सोडलं."

त्यांनी चहाचा घोट घेतला. "श्वेताला माहितीय?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे घरात मी एकटाच येडा."

मी वायर परत जोडली आणि निघालो; पूर्ण घाट ते खिडकीबाहेर बघत होते. पण खरं सांगू? मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. घाम सुकला, भूक लागली. लोणावळ्यात मिसळ हाणली, दोघांचं चहासकट अडीचशेत झालं. काकांनी माझ्या प्लेटमध्ये स्वतःचा एक पाव सरकवला.

पुण्याच्या मैदानावर तर वेड लागायचं बाकी होतं! आधी त्याच ताऱ्याची साठच्या दशकातली गाडी, मागे माशाच्या पंखांसारखे कंगोरे असलेली. तिच्यामागे चौकोनी, सरळसोट सत्तरची. मग आमची. पलीकडे नव्वदच्या दशकात इथेच पुण्यात जुळवलेली वन-ट्वेंटी-फोर, जिला पुढे एकच वायपर. पंख गेले, कोपरे गोल झाले, तारा तेवढा तसाच.

एका मालकानं विचारलं, "हा कोण?"

"नवीन आहे," काका म्हणाले. "तापट आहे. शिकेल."

परतीला प्रत्येक थांब्यावर मीच बॉनेट उघडून पट्टी दाबली.

संध्याकाळी काकांच्या घरी पोचलो. काकी पाणी घेऊन आल्या. "कसा झाला प्रवास, इंजिनियर?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मीच बोललो, "इंजिनियर नाही काकी. कॉलेज सोडलंय मी. खोटं बोललो होतो."

श्वेता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मान खाली, पण खांदे सैल झालेले दिसले मला.

"आता?" काकींनी काकांना विचारलं.

"आता काय? शनिवारी नळ्या बदलायच्यात. आठला ये. आणि कॉलेजचं नंतर बोलू, ते संपलेलं नाही."

मेळावा पुन्हा भरला तर जा, गाड्या बघण्यासारख्या आहेत. माझ्याजवळ मात्र त्यातलं उरलं ते टपरीवरचं माझं एक वाक्य, दोन वर्षं न बोललेलं.

"येतो," म्हणालो, चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.