कॉरिडॉरमधली सहा मिनिटं

"मॅडम, ही मुलं ठणठणीत आहेत, असं आपणच सकाळी तपासून सांगितलंत," मुख्याध्यापिका बाई माझ्या लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या. "मग आकडे ज्येष्ठ नागरिक संघाचे कसे आले?"

मी फिजिओथेरपिस्ट. क्लिनिक कर्वेनगरला. निरोगी मुलांची चालण्याची क्षमता मोजायला मांजरी गावातल्या या शाळेत आले होते. चाचणी साधी. दोन टोकांना प्लास्टिकचे कोन ठेवायचे आणि मुलाने सहा मिनिटं त्यांच्यामध्ये येरझाऱ्या घालायच्या. पळायचं नाही, पण जमेल तितकं भरभर चालायचं. अंतर जास्त, तर दम चांगला. मधून मधून आपण ठरलेलं वाक्य सपाट आवाजात म्हणायचं, "छान चाललंय. असंच चालू ठेव." टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. नाहीतर मूल चेकाळतं आणि आकडा फसतो.

इथे कॉरिडॉरमध्ये चेकाळणं दूरच. मुलं भिंतीच्या कडेने, हात मागे बांधून, डोक्यावर भरला हंडा असल्यासारखी चालत होती.

"एवढाच दम असेल तर शनिवारची सिंहगडची ट्रिप रद्द," बाई म्हणाल्या. "वर नेलेली मुलं खाली कोण आणणार? आपण?"

सहावीचा वर्ग त्या ट्रिपवर डोळे लावून बसला होता. माझ्यामुळे ती बुडणार म्हणून मला अगदी कसंतरी झालं.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. सगळ्यात कमी अंतर चाललेली ज्ञानेश्वरी कॉरिडॉरच्या पायरीपर्यंत शिस्तीत गेली. पायरी उतरली आणि जी सुसाट सुटली ती थेट ग्राउंडपलीकडच्या नळावर.

मी तिला गाठलं. "अगं, मघाशी एवढी हळू का चाललीस? भरभर चाल म्हटलं होतं ना?"

"कॉरिडॉरमधी भरभर चाललं की बाई परत पहिल्यापासनं चालायला लावत्यात, मॅडम. आन् बाई तर दारातच उभ्या व्हत्या."

तो कॉरिडॉर बाईंच्या ऑफिससमोरच होता. सरळ आणि सावलीतला, म्हणून मीच निवडला होता.

बाईंना सांगितलं. त्यांनी एकदा कॉरिडॉरकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझी शिस्त पास, आपली चाचणी नापास."

दुसऱ्या दिवशी कोन ग्राउंडवर मांडले आणि बाईंना ऑफिसात बसायची विनंती केली. मुलं अशी काही चालली की सपाट आवाज काढताना मलाच हसू आवरेना. बाईंनी नवे आकडे दोनदा पाहिले, ट्रिप पक्की केली आणि आपणही चला म्हणून मला फर्मावलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हणून बसले.

तेव्हापासून कुठल्याही शाळेत गेले की कोन मांडण्याआधी विचारते, "इथे भरभर चाललेलं चालतं ना?"

त्या शनिवारी सिंहगड चढताना अर्ध्या वाटेत मी दगडावर बसकण मारली. वरच्या वळणावर ज्ञानेश्वरी थांबली होती. तिने खाली बघितलं आणि सपाट आवाजात म्हणाली, "छान चाललंय, मॅडम. असंच चालू ठेवा."

टाळ्या नाहीत, आरडाओरडा नाही. पोरीने नियम अगदी बरोबर पाळला होता. मी उठले.