ऑकलंडहून घाटनांदूरला

सोपान गेला त्याला आता दीड महिना होईल. त्या दिवशी सकाळी त्याचा पुतण्या माझ्या दारात येऊन नुसता उभा राहिला आणि मी काय ते समजलो. चपला पायात सरकवताना मनात एकच होतं... आता सुमनला फोन करायचा, आणि खोटं बोलायचं.

सोपान आमच्या घाटनांदूरचा मेंढपाळ, माझा लहानपणापासूनचा मित्र. त्याची एकुलती एक लेक सुमन नर्स होऊन ऑकलंडला गेली. ते किती लांब आहे असं त्यानं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, विमानं बदलत जायला आख्खा दिवस लागतो. मेंढरांमागं महिनोन्‌महिने चालणारा तो माणूस. हसून म्हणाला, "मग लई लांब न्हाई की."

लांब म्हणजे काय, ते बायको वारली तेव्हा त्याला कळलं. बातमी ऐकून सुमन निघाली ती सगळी वाट रडतच आली. विमानात शेजारच्या परक्या बाईनं, भाषा कळत नसताना, तिचा हात धरून ठेवला होता. पण ती बाई सिंगापूरला उतरून गेली. पुढं कुणीच नव्हतं. लेकीनं हे सांगितल्यापासून सोपानच्या मनातून ते जाईना. मग एकदा बाभळीखाली आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा म्हणाला, "माझ्या टायमाला तिला खरं सांगू नको. आजारी हाय म्हन. खाली उतरली की सांग. तितं कुनी आपलं तरी आसंल."

म्हणून मी फोनवर सांगितलं, दवाखान्यात ठेवलंय, निघ. काय झालंय, कसं आहे, तिनं काही विचारलं नाही. नुसतं निघते म्हणाली. माती त्याच दिवशी उरकली, आणि तिला आणायला मी गाडी करून हैदराबादच्या विमानतळावर गेलो. कसं सांगायचं ते वाटभर जुळवत होतो. ती बाहेर आली. मी तोंड उघडायच्या आत तिनं माझे दोन्ही हात धरले.

"मला फोनवरच कळलं होतं, काका. पण विचारलं असतं तर तुमी खरं बोलला असता. मग मला विमानात बसता आलं नसतं."

म्हणजे सारं आभाळ ती एकटीच ओलांडून आली होती... आईच्या वेळी निदान रडली तरी होती.

दिवस घालून ती परत गेली. आता रविवारी सकाळी तिचा फोन मला येतो. बोलण्यासारखं फार नसतं. थोड्या वेळानं ती म्हणते, काका, फोन जरा तिकडं धरा. मी मेंढरं कोंडायच्या वाघुरीपाशी जाऊन फोन जाळीला लावतो. कळप बाहेर पडतो, कुत्रं भुंकतं, पुतण्या हाका घालतो. त्या हाका सोपानच्या नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळतं. तरी मेंढरांचा आवाज रानात विरेपर्यंत ती फोन ठेवत नाही... आणि मीही.