मशीन नाचायचं थांबलं तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्ही आमच्या गल्लीतले नाही, म्हणून धीर होतोय.

आम्ही म्हैसूरचे रंगारी. दसऱ्याआधी पागोटी रंगवायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पिळायची — मनगटं पार कामातून जायची. अशात एका वर्षी अप्पांनी, माझ्या वडिलांनी, विजेवर चालणारं, पाणी काढायचं मशीन आणलं. काय आनंद सांगू? चाळणीसारखी भोकं पाडलेलं पिंप. ते गरगर फिरलं की कापड कडेला चिकटतं, पाणी भोकांतून बाहेर फेकलं जातं आणि खालच्या तोटीतून लालभडक धार लागते.

म्हणजे लागायला हवी होती. आमचं मशीन अंगात आल्यासारखं नाचायला लागलं. नारळ फोडला, लिंबू ठेवलं — सगळं सुम्ने, उगाचच, काही फरक नाही. अप्पा वैतागले. म्हणाले, जो कुणी ह्याला न नाचवता चालवील, त्याच्याच हातात मशीन देईन.

माझी थोरली भावजय, वैनी, तरुणपणीच विधवा झालेली. चूल एके चूल. मशीन सुरू झालं की ती दारात येऊन उभी राहायची. तिला ते हवं होतं — मला ठाऊक होतं, हं. माहीत नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू?

एका दुपारी मला वाढता वाढता ती म्हणाली, "भावजी, गाढवाच्या एकाच अंगाला ओझं टाकलं तर ते चालेल का? तुम्ही पीळ घातलेलं कापड तसंच एका बाजूला कोंबता. पीळ सोडा, चारी बाजूंनी सारखं लावा. आणि अप्पांना सांगा, हे मी सांगितलं म्हणून."

खरंच की. आम्ही रंगारी — ओलं कापड हाती आलं की आधी पीळ घालणार. मी उष्ट्या हातानं धावलो. अप्पांना सगळं सांगितलं. तिचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. विसरलो? छे. तोंडाशी आलं होतं, गिळलं.

मशीन भुंग्यासारखं गुणगुणायला लागलं. धार लागली. अप्पांनी मला मिठी मारली, सगळ्या गल्लीत गूळ वाटला. वैनी दारात उभी राहून हसत होती, अगदी मनापासून. मग तिनं माझ्याकडे बघितलं. वाट पाहिली. आणि आत गेली.

तेव्हापासून मशीन माझं. दसऱ्यात यंत्रं-हत्यारं पुजतात, त्या आयुधपूजेला पहिलं कुंकू मला. आणि खोटं कशाला बोलू — फार मजेत गेली ही सगळी वर्षं.

परवा वैनी माझा डबा घेऊन आली. आता केस पांढरे झालेत तिचे. मशीन फिरत होतं. नुसता आवाज ऐकून म्हणाली, एका अंगाला जड झालंय. कामगार माझ्याकडे बघायला लागले. तिचं बरोबरच होतं. आणि मी काय म्हणालो?

म्हणालो, "हो, मी तेच सांगणार होतो."