घंटी वाजली की

अप्पा हल्ली सगळं विसरतात आणि दार उघडून शहराच्या जुन्या वेशीकडे, खंडेराव गेटकडे, एकटेच चालू लागतात, म्हणून आम्ही दाराला बिनतारी अलार्म बसवून घेतला. बसवायला आलेल्या माणसाने भोंगा बैठकीत लावला. तो कर्कश वाजला तसे अप्पा दचकले. त्याने लगेच आवाज बदलून साधी घंटी ठेवली. ती वाजताच अप्पा म्हणाले, "या, बसा."

तो खरंच बसला. मग जितक्यांदा दार तपासलं तितक्यांदा पेचकस खिशात घालून, हात जोडून बसला. मीच ओशाळलो.

"भैया, बाबूजी बुला रहे हैं, बैठना तो पड़ेगा," तो म्हणाला.

आज सकाळी अप्पांनी दार उघडलं. घंटी वाजली. ते उंबऱ्यावरूनच मागे वळले आणि रिकाम्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "या, बसा."

मी जाऊन बसलो.